वाचकांचे प्रश्न : कन्याकुमारीच्या आधी चार दिवस

या खेपेला बरीच पत्रं लांबच्या सायकल प्रवासाबद्दल आली आहेत. त्यातलं सांगलीच्या एका ताईंचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात लिहिलेली गोष्ट आमच्या घरातही घडून गेली आहे. त्या पत्राला जागा जास्त देते, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं विश्रामबागला राहतो. मी ४८ वर्षांची, मिस्टर ५२. जानेवारीत सांगली ते कन्याकुमारी सायकलने जायचं ठरवलंय. साधारण तेराशे किलोमीटर, सोळा दिवस. जूनपासून रोज पहाटे मिरज नाहीतर कवलापूरच्या बाजूला पंचवीस-तीस किलोमीटर करतो, रविवारी साठ. निघण्याआधी सलग चार दिवस सराव करून बघा, असं सगळे सांगतात. कुठे जावं, रोज किती करावं? दुसरा प्रश्न लिहायला अवघड वाटतंय. मिस्टरांचा वेग जास्त आहे. गेल्या रविवारी दंडोबाच्या चढाला ते पुढे निघून गेले आणि वर जाऊन बसले. मी पोचले तेव्हा त्यांचा दम कधीच ओसरला होता. मी टेकायच्या आत ‘चल, निघू’ म्हणाले. मला रडू आलं. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. एका रविवारी हे, तर सोळा दिवस कसे काढणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. रस्ता कुठला घ्यायचा हे त्याच्यावरच ठरणार आहे.

आम्ही दोघं २०१९ च्या जानेवारीत साताऱ्याहून कन्याकुमारीला गेलो. मी तेव्हा ५१ ची, हे ५६ चे. त्याआधी नोव्हेंबरात सराव म्हणून चार दिवस बाहेर पडलो होतो. दुसऱ्या दिवशी वाईहून सकाळी साडेसहाला निघालो. लॉजवर नाश्ता आठनंतर मिळणार होता आणि ह्यांना उन्हाच्या आत पसरणी घाट चढून जायचा होता. माझ्या पोटात चहा आणि दोन बिस्किटं. घाट बारा किलोमीटरचा, वाईपासून पाचगणीपर्यंत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. तो एकदम अंगावर येत नाही, पण पायाला उसंतही देत नाही.

दोन वळणांत हे दिसेनासे झाले. सातव्या किलोमीटरच्या आसपास माझे हात थरथरायला लागले. घाम आला होता तो गार पडला, कानात घुं घुं व्हायला लागलं. सायकल कठड्याला टेकवली आणि खालीच बसले. खिशात शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट होतं, ते बोटांनी फाटेना. दातात धरलं तर ओढायला जोर नाही. खाली धोमचं पाणी चमकत होतं, वाईची घरं दिसत होती, आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं की हा माणूस आता वर बसून घड्याळ बघत असेल. मी आलेच नाही म्हटल्यावर हे चार किलोमीटर परत उतरून आले. पाकीट फाडून माझ्या हातात एकेक तुकडा देत राहिले. काही बोलले नाहीत, मीही नाही. अर्ध्या तासाने हळूहळू वर निघालो, तेव्हा हे माझ्या मागे होते.

त्या संध्याकाळी पाचगणीच्या लॉजच्या पावतीमागे ह्यांनी तीन ओळी लिहिल्या. ती पावती अजून माझ्याकडे आहे. ‘चढाला हळू चालणारा पुढे. पाच किलोमीटरला थांबायचं. खाल्ल्याशिवाय बोलायचं नाही.’ तुम्हाला माझ्याकडे देण्यासारखं जे आहे ते एवढंच. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण समजा.

चढाला हळू चालणारा पुढे, कारण मागे पडलेल्या माणसाला चढ दुप्पट वाटतो. आपण उशीर करतोय हे ओझं पायांवर येतं. मग माणूस झेपत नाही त्या वेगाने रेटतो आणि संपतो. आणखी एक होतं, ते तुमच्या पत्रातच आहे. पुढे गेलेल्याला विश्रांती मिळते आणि मागून आलेल्याला ‘चल, निघू’ ऐकायला मिळतं. म्हणजे ज्याला जास्त गरज त्यालाच थांबा नाही. तुमच्या मिस्टरांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी खात्रीने सांगते. ह्यांच्याही नव्हतं. त्यांना वाटतं आपण थांबून वाट बघितली म्हणजे सोबत केली.

यात एक सायकलची गोष्ट आहे. जोराने चालवणाऱ्याला मुद्दाम हळू चढायचं तर त्याच्या सायकलला हलका गिअर लागतो, नाहीतर त्याचे गुडघे दुखतात आणि तो पुन्हा पुढे पळतो. पुढची लहान चकती २८ किंवा ३० दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३४ ची असेल तर सामानासकट ताशी सहा-सातने बसून चढता येतं. तुमच्या दोघांच्या चकत्यांचे दाते मोजून बघा. पुढची लहान चकती मागच्या मोठीपेक्षा कमी दात्यांची हवी.

सपाटीला आणि समोरून वारा असेल तेव्हा उलट करायचं. तिथे जोरवाला पुढे, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकापासून एक सायकलभर अंतर ठेवून यायचं. वारा पुढच्याच्या अंगावर फुटतो, मागच्याला केवढा आराम मिळतो ते एकदा करून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. पण पुढच्याने खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा, ब्रेक मारण्याआधी ओरडायचं. यासाठीही सराव लागतो.

आणि सामान. दोघांचा वेग जुळवायचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे वजन हलवणं. आम्ही पहिल्या खेपेला प्रामाणिकपणे अर्धं-अर्धं केलं होतं, माझ्याकडे आठ किलो, ह्यांच्याकडे आठ. पाचगणीत माझ्यातलं तीन किलो ह्यांच्या पिशव्यांत गेलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बोलता येईल एवढ्या अंतरावर होतो. फक्त एक गोष्ट कधीही एकाकडे ठेवू नका, ती म्हणजे पंक्चरचं सामान. त्या पसरणीच्या सकाळी एकुलता एक पंप ह्यांच्या सायकलला होता. मी खाली बाभळीच्या काट्यावर गेले असते तर नुसती बसून राहिले असते. दोघांकडे आपापली ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, थोडे रोख पैसे. आणि पंक्चर दोघांना काढता आलं पाहिजे. ताई, घरी दिवाणखान्यात चादर अंथरून मागचं चाक पाच वेळा काढा-घाला. मिस्टरांना हात लावू देऊ नका.

पाच किलोमीटरला थांबायचं, हा नियम घाटापुरता. सपाटीला दहा करा. थांबल्यावर निघायचं कधी हे हळू चालणाऱ्याने सांगायचं.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठलेली असते ती दीड-दोन तासांच्या जोराच्या कष्टात संपत येते. रात्रभर पोट रिकामं असल्यामुळे सकाळी यकृतातला साठा मुळातच कमी असतो. तो संपला की हात थरथरतात, गार घाम येतो, रडू येतं, राग येतो. दंडोबाला तुम्हाला रडू आलं ते सगळं अपमानाचंच होतं असं धरू नका. निघताना काय खाल्लं होतं ते आठवून बघा. पहिल्या अर्ध्या तासापासून थोडं थोडं खात राहायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि चिक्कीचा एखादा तुकडा. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गुळपोळी, जे तुमच्या पोटाला सोसतं ते. पाकिटं घरूनच कात्रीने अर्धी कापून ठेवा. पसरणीत केळी कठड्यावर बसून खाऊ नका, माकडं हातातून नेतात. पाणी तासाला अर्धा लिटर तरी. उन्हात एका बाटलीत मीठ-साखर घाला. लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दवाखान्यात जुलाबावर सांगतात तेच प्रमाण.

आता रस्ता. तुम्ही सांगलीच्या आहात, तेव्हा कृष्णेला धरून जा असं माझं मत आहे. सांगली, कराड, वाई, महाबळेश्वर, अशी तुमच्या दारातून जाणारी नदी तुम्ही उगमापर्यंत उलट गाठायची. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. तो चढ कुठे कसा भेटतो ते पायांना कळतं. परत येताना वेण्णेच्या काठाने उतरायचं.

पहिला दिवस सांगली, आष्टा, पेठ नाका, कराड. सत्तर किलोमीटर, सोपा. पहिल्या दिवशी घाट घेऊ नका आणि शंभरही करू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच जोर असतो, त्यावरून काही कळत नाही. दुपारी तीनच्या आत कराडला पोचा, संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात ते बघत तिथल्या गवतावर पाय लांब करून बसा.

दुसरा दिवस कराड, उंब्रज, सातारा, पाचवड, वाई. सत्त्याऐंशी किलोमीटर. हा हायवेचा दिवस आहे आणि तो मुद्दाम ठेवलाय. कन्याकुमारीच्या वाटेवर तुम्हाला असे कितीतरी दिवस काढायचे आहेत. सर्व्हिस रोड जिथे आहे तिथे तोच धरा. सहापदरीच्या कामामुळे रस्ता मधेच वळवलेला असतो, पुलाखालून उलट दिशेने गाड्या येतात, तिथे उतरून चालत गेलात तरी चालेल. सकाळी उठून पुन्हा सीटवर बसायचं हे खरं या दिवसाचं काम. सत्तर किलोमीटरने मांड्या भरून आलेल्या असतात, बसायची जागा दुखत असते, आणि पहिले तीन-चार किलोमीटर वाटतं की आपण चुकीचं काहीतरी ठरवलंय. ते पाचव्या-सहाव्या किलोमीटरला जातं. ते जातं हे एकदा अनुभवलं की जानेवारीतल्या पंधरा सकाळी सोप्या होतात. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं, परीक्षेच्या भीतीवर सराव परीक्षेइतका इलाज नाही हे मला मुलांनी दाखवलं आहे. ही तशीच.

तिसरा दिवस वाई, पसरणी, पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाटाने मेढा आणि साताऱ्यात मुक्काम. हाही सत्त्याऐंशीच्या आसपास, पण पहिले एकतीस किलोमीटर चढाचे. दमलेल्या पायांनी घाट चढायचा, म्हणून तो तिसऱ्या दिवशी. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या फार असतात, म्हणून सोमवारी सांगलीतून निघा, बुधवारी घाट येईल. पोटभर खाऊन निघा. लॉजवाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवा, नाहीतर पोहे बांधून घ्या. ह्या घाटात तीन ओळींची परीक्षा होईल.

केळघर उतरताना लक्ष द्या. चढापेक्षा मला उताराची जास्त काळजी वाटते. सामानासकट सायकल जड असते, ब्रेक धरून धरून उतरलात तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम जोराने, मग सोडायचे, पुन्हा जोराने. डिस्क ब्रेक असले तरी हेच. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, बोट लावू नका. उताराला वाऱ्याने अंग गार पडतं, घामाचा शर्ट झाकायला एक जाकीट वरच्या पिशवीत हवं. उताराला दोघांनी पन्नास मीटरचं अंतर ठेवा आणि पुढे जो सावकाश उतरतो तो. खाली मेढ्यात गरम चहा घ्या. तिथून साताऱ्यापर्यंत वेण्णा तुमच्या बाजूने असते.

चौथा दिवस सातारा ते सांगली, आलेल्याच रस्त्याने, एकशे वीसच्या वर. हा तुमचा सगळ्यात लांब दिवस आणि घरी जाण्याचा. कन्याकुमारीच्या सोळा दिवसांत रोज ऐंशी-पंच्याऐंशी करायचे आहेत, तेव्हा चौथ्या दिवशी एकशे वीस झाले की मनात शंका उरणार नाही. नाही जमलं तर पुणे-मिरज रेल्वेलाईन जवळून जाते, कराडला स्टेशन आहे. कराडला थांबून पाचव्या दिवशी घरी गेलात तरी काही बिघडत नाही. पण तो निर्णय कराडला जेवून अर्धा तास बसल्यावर घ्या.

आम्ही आमच्या सरावात तिसऱ्या दिवशी घरावरून गेलो होतो. महाबळेश्वरहून मेढा रस्त्याने मोळाच्या ओढ्यापाशी आलो, घर तिथून दीड किलोमीटर. आदल्या रात्रीच ठरलं होतं की घरात जायचं नाही. मला आठवतंय, हे चौकात क्षणभर थांबले आणि डावीकडे बघितलं. मी मान हलवली. सरळ कराडकडे निघालो. चाळीस किलोमीटर आम्ही जवळजवळ शेजारीशेजारी चालवली. कन्याकुमारीला पोचू असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या चौकात.

महिना कुठला? तुम्ही जानेवारीत निघणार, तर हा सराव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. मधल्या चार आठवड्यांत जे दुखलं ते बरं होतं, जे चुकीचं निघालं ते बदलता येतं. शेवटचे दहा दिवस फार चालवू नका. पण डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. पेठ नाका ते सांगली रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असतात आणि प्रत्येकाला दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून रस्त्यावर परत येऊ नका, दुसरी ट्रॉली अजून मागे असते. ऊस बाजूला हँडलच्या उंचीला बाहेर आलेला असतो, तो दंडाला लागतो. सांजवेळी मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. रस्त्यावर पडलेली उसाची कांडकी दवाने निसरडी होतात. म्हणून सूर्य उगवल्याशिवाय निघायचं नाही आणि पाचनंतर रस्त्यावर राहायचं नाही, हा माझा हट्ट आहे. तुम्हीही तो धरा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

सराव करताना जे सामान कन्याकुमारीला नेणार ते सगळं न्या. रिकाम्या सायकलने केलेल्या सरावाचा उपयोग निम्मा. आणि वेगाचा हिशेब असा ठेवा. तुम्ही एकट्या ऐंशी किलोमीटर सहा तासांत करत असाल तर दोघांना मिळून सात लागतील. दोघांचा वेग हळू असणाऱ्याच्या वेगापेक्षाही थोडा कमी असतो. थांबे दोघांचे असतात, पंक्चर दोघांची असतात, चहा कुणाला तरी प्यायचाच असतो. तुमच्या मिस्टरांना हे आधी सांगा. रस्त्यात सांगितलं तर तक्रार वाटते, घरी वहीवर मांडून दाखवलं तर हिशेब वाटतो. हे पत्र त्यांना वाचायला द्या. आणि कराडहून मला दोन ओळी लिहा.

प्रश्न : आई ५८, बाबा ६३. दोघांना साताऱ्याहून पंढरपूरला सायकलने जायचंय. बाबांना दहा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. जाऊ द्यावं का?
— एक मुलगा, सातारा

उत्तर : जाऊ द्या, पण आधी बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि रोज किती तास सायकल चालवणार ते स्पष्ट सांगा. इन्सुलिनने आणि काही गोळ्यांनी कष्टाच्या वेळी साखर एकदम उतरू शकते, त्या रात्रीही उतरू शकते, त्यामुळे त्या दिवसांसाठी औषधाचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. ग्लुकोमीटर बरोबर हवा. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटलं की उतरून तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे आईला यायला हवं, त्यांच्या खिशात साखरेची पुडी हवी. रोज मुक्कामाला बाबांच्या तळपायांना फोड, जखम आहे का ते बघायचं.

दीडशेच्या आसपास किलोमीटर आहेत, तीन दिवसांत करा. पहिला मुक्काम पुसेगाव, दुसरा म्हसवड. कोरेगावच्या पुढे वर्धनगडचा घाट लागतो, तो सकाळीच येतो हे बरं. दहिवडीनंतर माणदेशात सावली कमी आणि वारा मोकळा, तिथे बाराच्या आत मुक्कामाला पोचायचं. त्याआधी घराजवळ सलग दोन दिवस तीस-तीस किलोमीटर करून बघा आणि दोन्ही दिवसांची साखर वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्या दोघांच्या वेगात फार फरक आहे. दोघांची एकच जोडसायकल, टँडम घ्यावी का?
— मिरज

उत्तर : वेगाचा प्रश्न तिने सुटतो हे खरं. पुढे-मागे होतच नाही. दोघांपैकी एकाला दिसत नसेल तर मी डोळे झाकून टँडमच घ्या म्हणेन. पण चढाला ती जड जाते, उताराला दोघांचं वजन एकाच जोडी ब्रेकवर येतं. तिचे सुटे भाग गावोगावी मिळत नाहीत आणि एसटीच्या टपावर चढवणं अवघड. मागे बसणाऱ्याला ना रस्ता दिसतो ना ब्रेक त्याच्या हातात, ते सगळ्यांना मानवत नाही. आधी कुणाची मिळाली तर सलग दोन दिवस चालवा. मग ठरवा.

प्रश्न : लांबच्या प्रवासाआधी बीआरएम करावी का?
— वाई

उत्तर : बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला पुरा करायची सायकल फेरी. एक दोनशेची जरूर करा. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, थांबे धरून. म्हणजे ताशी पंधराची सरासरी. रात्र पडण्याआधी पोचायची घाई, कंट्रोलवर म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी कार्डावर शिक्का, सगळं शिकवणारं आहे. पण ती एका दिवसाची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्हाला ऑफिसला जायचं असतं, पुन्हा सायकलवर बसायचं नसतं. मी दोनशे आणि तीनशे दोन्ही केल्या. कन्याकुमारीला त्यांच्यापेक्षा ते चार दिवस जास्त उपयोगी पडले.

प्रश्न : नाव-गाव छापू नका. माझं लग्नाला दोन वर्षं झालीत, नवऱ्याबरोबर आठ दिवसांच्या प्रवासाला निघणार आहे. बसायची जागा फार दुखते, पाळीची तारीखही मधेच येते. कुणाला विचारू कळेना.

उत्तर : बरं केलंत विचारलंत. मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

मऊ जेलची गादी घेऊ नका, मीही आधी तीच घेतली होती. त्यात हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. बसल्यावर जी दोन हाडं टेकतात त्यांच्या रुंदीला पुरेल अशी, मधे खाच असलेली, थोडी कडक सीट घ्या. बायकांना बऱ्याचदा पुरुषांपेक्षा रुंद लागते. उंची अशी ठेवा की पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ होईल. सीटचं टोक पुढून वर आलेलं असेल तर ते सपाट करून घ्या, निम्मं दुखणं तिथेच जातं. पॅडची चड्डी घालता तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. दोन चड्ड्या हव्यात, रोज धुऊन उन्हात वाळवायच्या. वाळली नाही तर ओली घालू नका. दर वीस मिनिटांनी पायडलवर उभं राहून दहा-बारा फेऱ्या मारा.

पाळीत सायकल चालवायला हरकत नाही. पॅडपेक्षा पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) सोयीचा, पण तो निघायच्या तीन महिने आधीपासून घरी वापरून सवय करा. प्रवासात पहिल्यांदा नको. पोटात फार दुखत असेल तर तो दिवस मुक्कामाचा करा आणि आठ दिवसांच्या आखणीत असा एक मोकळा दिवस आधीच ठेवा. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, आपण सगळ्याच ती चूक करतो. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, देवळाची धर्मशाळा, शाळा दिसली की थांबायचं. लागली नसली तरी जाऊन यायचं. नवऱ्याला हे सगळं आधीच सांगून ठेवा, म्हणजे रस्त्यात दरवेळी थांबण्याचं कारण द्यावं लागणार नाही.